उत्तर हाती आले. विद्या कोठे राहिली?

कॉलेजातल्या अभ्यासात शिरलेल्या बोलक्या यंत्रांविषयी एका कीर्तनकाराने लिहावे, हे पुष्कळ सज्जनांना चमत्कारिक वाटेल. ज्याचे सारे आयुष्य वीणा, टाळ आणि पोथी यांच्या संगतीत गेले, ज्याची पाठशाळा अमरकोशापासून सुरू होऊन तर्कसंग्रहाच्या थोडी पलीकडे संपली, त्याने या वाटेला न जाणेच बरे. परंतु गेल्या वर्षी माघ महिन्यात कीर्तनाला उभा असताना माझ्या हातून एक प्रमाद घडला आणि त्या प्रमादाने मला या प्रश्नाच्या दारात आणून उभे केले. तो प्रमाद आधी सांगतो; विचार मागाहून करू.

माझा नातू पुण्यास एम. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. तुकोबांच्या अभंगांतील शेतकरी या विषयावर त्याने कॉलेजात वीस गुणांचा निबंध दिला होता. त्याला अठरा गुण पडले. सुटीत घरी आला तेव्हा तो निबंध त्याने मला वाचावयास दिला. भाषा स्वच्छ, मांडणी नेटकी. मला फार बरे वाटले. त्या निबंधात एक अभंग होता. नांगर, बी, पाऊस आणि धीर यांचे मोठे मनोहर रूपक, आणि शेवटी तुकोबांची नाममुद्रा. मला तो पाठ नव्हता. गाथ्यात साडेचार हजारांवर अभंग आहेत. ते सगळे मला मुखोद्गत आहेत असा माझा दावा कधीच नव्हता. मी तो वहीत उतरून घेतला आणि पंधरा दिवसांनी एका गावी सप्ताहात पाचव्या दिवशीच्या कीर्तनात प्रमाण म्हणून दिला. लोकांनी माना डोलावल्या. माझ्या निरूपणाला तो इतका चपखल बसला की जणू त्यासाठीच रचला होता.

कीर्तन आटोपले. मंडळी प्रसादाला उठली. पुढच्या रांगेत उभे असलेले एक वृद्ध टाळकरी जवळ आले. वय सत्तरीच्या पुढे, शिक्षण इयत्ता चौथी. त्यांनी पायांवर डोके ठेवले, मीही त्यांच्या पायांना हात लावला. मग ते हळूच म्हणाले, "महाराज, एक इचारू का? त्यो दुसरा अभंग गाथ्यात कुठं आला? माझ्या कानावर कधी पडला न्हाई. आन् राग मानू नगा, पर तुकोबा असं बोलत न्हाईत."

मी म्हटले, "बघतो, बाबा." रात्री गाथा उघडला. अकारादि सूची पाहिली. चरणांचा शोध घेतला. बरोबरच्या मंडळींकडे गाथ्याच्या दोन निराळ्या प्रती होत्या, त्याही पाहिल्या. अभंग कोठेच नाही. तेव्हा नातवाला फोन केला.

"अरे, त्या निबंधातला तो नांगराचा अभंग तू कोठून घेतलास?"

थोडा वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, "आजोबा, तो निबंध मी यंत्राकडून लिहून घेतला होता. अभंग त्यानंच दिला."

"आणि तू गाथ्यात पाहिलं नाहीस?"

"नाही. सरांनीही विचारलं नाही. आजोबा, तुम्ही तो कीर्तनात सांगितलात?"

या शेवटच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या दिवसाच्या महाराजांची परवानगी घेऊन मी कीर्तनाआधी उभा राहिलो आणि श्रोत्यांना सांगितले की काल दिलेले एक प्रमाण खोटे होते, तो अभंग तुकोबांचा नाही, कोणी वहीत उतरून घेतला असेल तर खोडून टाकावा. चाळीस वर्षांच्या सेवेत असे सांगण्याची पाळी पहिल्यांदा आली.

सज्जनहो, आता विचार करा. त्या खोट्या अभंगाच्या वाटेत तीन चौक्या होत्या. एक विद्यार्थी, एक प्राध्यापक आणि एक कीर्तनकार. तिघेही शिकलेले. तिन्ही चौक्यांवरून तो बिनबोभाट पुढे गेला. अडवला कोणी? तर चौथी शिकलेल्या एका शेतकऱ्याने. असे का व्हावे? उच्च शिक्षणात या यंत्राने काय धोका आणला आणि कोणती संधी आणली, याचे उत्तर मला वाटते या एका प्रश्नात आहे.

प्रथम हे यंत्र आहे तरी काय, ते पाहू. अमेरिकेतील ओपनएआय या कंपनीने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी नावाचे बोलके यंत्र सर्वांसाठी खुले केले. पुढे इतर कंपन्यांचीही तशीच यंत्रे आली. आपण प्रश्न लिहावा, त्याने माणसासारखे उत्तर लिहावे, असा त्याचा व्यवहार. ते कसे घडते? जगातला अफाट मजकूर त्याला पुरवलेला असतो. त्यातून एका शब्दामागून कोणता शब्द येणे संभवते याचा फार मोठा आणि बारीक हिशेब ते शिकते, आणि त्या हिशेबाने एकेक शब्द पुढे मांडत जाते. त्याला पोपट म्हणणे बरोबर नाही. पोपट ऐकलेले तेच बोलतो. हे न ऐकलेलेही रचते. म्हणून तर ते उपयोगी आहे, आणि म्हणूनच ते फसवे आहे. अभंगाची चाल त्याला ठाऊक, नाममुद्रा कोठे येते ते ठाऊक, शेतकऱ्याच्या विषयात कोणते शब्द शोभतील तेही ठाऊक. गाथ्यात तसा अभंग आहे की नाही, एवढेच ठाऊक असेल याची खात्री नाही. आताशा काही यंत्रे इंटरनेटवर शोधून आधारही दाखवतात. पण दाखवलेला आधार त्या ठिकाणी असतोच असे नाही. उघडून पाहणे चुकत नाही.

हे माझ्यासारख्या खेडवळ कीर्तनकाराचेच झाले असे समजू नका. न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी विमान कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात चॅटजीपीटीने सांगितलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले. ते निवाडे कोणत्याही न्यायालयाने कधी दिलेच नव्हते. त्यातल्या एका वकिलाने यंत्रालाच विचारले होते की हे निवाडे खरे आहेत ना. यंत्राने होय म्हणून सांगितले. जून २०२३ मध्ये न्यायालयाने त्या दोघांना आणि त्यांच्या कचेरीला मिळून ५,००० डॉलर दंड केला.

आमच्या तर्कशास्त्रात शब्द हे एक प्रमाण मानले आहे. पण कोणाचा शब्द? आप्ताचा. आप्त म्हणजे सोयरा नव्हे, तर जे जसे आहे ते तसे जाणणारा आणि तसेच सांगणारा. यंत्र खोटे बोलते असे लोक म्हणतात, तेही नीट नाही. खोटे बोलणाऱ्याला खरे काय ते माहीत असते आणि तो ते लपवतो. यंत्राला लपवायचे काही नाही आणि सांगण्याची जबाबदारीही नाही. चूक निघाली तर त्याला खाली पाहावे लागत नाही, दुसऱ्या दिवशी श्रोत्यांपुढे उभे राहून क्षमा मागावी लागत नाही. ज्याला आपल्या शब्दाचे उत्तर द्यावे लागत नाही, त्याचा शब्द कामाला येईल, पण तो प्रमाण होऊ शकत नाही. प्रमाण करायचा तर तो कोणीतरी माणसाने पडताळून आपल्या डोक्यावर घेतला पाहिजे. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घुसडू नये म्हणून ताकीद दिली, ती याचसाठी. ग्रंथ मोठा असला तरी त्याची राखण माणसांनाच करावी लागते.

आता येथे पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो दुबळा नाही. कोणी म्हणेल, "महाराज, नवे काही आले की जुन्यांनी बोटे मोडायची, हा रिवाजच आहे. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढली, तेव्हाही छापील पोथीला नाके मुरडणारे असतीलच. छापखान्याने पाठांतर कमी झाले, पण ज्ञानेश्वरी घरोघरी गेली. तसेच या यंत्राचे."

दुसरा पूर्वपक्ष तर माझ्या काळजाला भिडतो. आमच्या दिंडीतल्या एका शेतकऱ्याची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. बारावीपर्यंत सारे शिक्षण मराठीत; कॉलेजात गेली आणि एकदम सगळे इंग्रजी. पहिले सहा महिने ती रडत होती. आता रात्री वसतिगृहात ती यंत्राला मराठीत विचारते की आज वर्गात सांगितलेला नियम मला समजला नाही, सोप्या शब्दांत सांग. ते सांगते. पुन्हा विचारले तर निराळे उदाहरण देऊन सांगते. ती मला म्हणाली, "महाराज, सरांना दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. मुलं हसतात. याला दहाव्यांदा विचारलं तरी ते वैतागत नाही." आता अशा मुलीला मी कोणत्या तोंडाने सांगू की हे यंत्र टाकून दे? ज्या परंपरेने शके १२१२ मध्ये नेवाशाला गीतेचा अर्थ मराठीत आणला, तिच्यातल्या माणसाने ज्ञान भाषेच्या कुंपणाबाहेर आले म्हणून कपाळाला आठ्या घालाव्यात काय? २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने इंजिनिअरिंगचे शिक्षण मराठीसह काही भारतीय भाषांतून देण्यास मुभा दिली, ती याच गरजेपोटी. ज्याला घरी शिकवायला कोणी नाही, शिकवणीला पैसा नाही, त्याला मध्यरात्री शंका विचारायला एक जागा मिळाली, हे लहान उपकार नव्हेत. हा पूर्वपक्ष मी मान्य करतो.

मग भेद कोठे आहे? छापील पोथी आणि हे यंत्र यांत एक मोठे अंतर आहे. पोथी तुमच्यासाठी वाचत नाही. पोथी घरात आली तरी वाचणे, अन्वय लावणे, न कळलेल्या ओळीशी झगडणे, हे तुमच्याच वाट्याला राहते. यंत्राला मात्र हे सगळे काम सोपवता येते. वाचणे त्याच्याकडे, जुळवणे त्याच्याकडे, लिहिणे त्याच्याकडे. विद्यार्थ्याकडे उरते ते कागदावर आपले नाव घालणे. माझ्या नातवाने तेच केले. दिंडीतल्या त्या मुलीने मात्र यंत्राकडून आपले काम करून घेतले नाही. आपले काम आपल्याला करता यावे म्हणून मदत घेतली. यंत्र दोघांनी एकाच जातीचे वापरले. एकाची विद्या बुडाली, दुसरीची वाढली.

ही केवळ माझी कल्पना नाही. २०२३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तुर्कस्तानातील एका शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. विषय गणित. एका गटाला सरळ उत्तरे देणारे बोलके यंत्र दिले. दुसऱ्या गटाला तेच यंत्र दिले, पण त्याला बजावलेले होते की उत्तर देऊ नकोस, शिक्षकांनी सांगितल्याप्रमाणे खुणा देत वाट दाखव. तिसऱ्या गटाला यंत्रच नाही. सरावाच्या वेळी पहिल्या गटाने तिसऱ्यापेक्षा ४८ टक्के आणि दुसऱ्या गटाने १२७ टक्के अधिक चांगले काम केले. सगळीकडे वाहवा! मग यंत्रे काढून घेतली आणि परीक्षा घेतली. पहिला गट, ज्यांना यंत्र कधी मिळालेच नव्हते त्यांच्याहूनही १७ टक्के मागे पडला. दुसऱ्या गटाचे तसे नुकसान झाले नाही. पण ठळक असा फायदाही दिसला नाही. याहून विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे पहिल्या गटातल्या मुलांना आपण मागे पडलो आहोत हे कळलेसुद्धा नाही. ही मुले शाळेतली होती खरी. पण माणसाच्या मनाचा धर्म कॉलेजात नाव घातल्याने बदलत नाही.

आता कॉलेजातलेच उदाहरण घ्या. हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या एका वर्गातल्या १९४ विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग झाला. तेथे अध्यापकांनी स्वतः बसून यंत्राला प्रत्येक पाठाची पायरी-पायरी आखून दिली होती. एका वेळी एकच पायरी सांगायची, विद्यार्थ्याला विचार करू द्यायचा. या यंत्रापाशी शिकलेल्यांनी, चांगल्या पद्धतीने चाललेल्या प्रत्यक्ष वर्गातल्यांपेक्षा कमी वेळात दुपटीहून अधिक प्रगती दाखवली. त्याच विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या वर्गात २०२३ पासून असे एक यंत्र ठेवले आहे की ते विद्यार्थ्याचा प्रश्न सोडवून देत नाही, त्याला सोडवायला लावते.

दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहा. यंत्र पुढे होऊन पान वाढू लागले की विद्यार्थी आळशी होतो. यंत्र चूल पेटवायला शिकवू लागले की विद्यार्थी स्वयंपाक शिकतो. आणि हार्वर्डच्या यंत्रामागे कोण होते? विषय जाणणारा, मूल कोठे अडखळते हे वर्षानुवर्षे पाहिलेला माणूस. यंत्राचे यश हे त्या अध्यापकाच्या अनुभवाचे यश होते. उद्या यंत्र आले म्हणून असे अध्यापकच कमी केले, तर यंत्राला पायऱ्या आखून देणार कोण?

मग पुष्कळ म्हणतात, सरळ बंदी घाला. पॅरिसच्या सिआंस पो या विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये उघड उल्लेख केल्यावाचून लेखनात या यंत्राचा वापर करण्यास मनाई केली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. पण ते दुसऱ्याच्या लिखाणाशी किती साम्य आहे हे मोजतात. यंत्राचे लिखाण नवेच असल्याने त्या जाळ्यात ते सापडत नाही. म्हणून यंत्राचे लिखाण ओळखणारी दुसरी यंत्रे निघाली. त्यांची गत पाहा. खुद्द ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये असे ओळखयंत्र काढले. कंपनीनेच सांगितले की यंत्राने लिहिलेल्या शंभर मजकुरांपैकी सुमारे २६ त्याला ओळखता येतात आणि माणसाने लिहिलेल्या शंभरांपैकी सुमारे ९ ते यंत्राचे ठरवते. जुलैत ते बंदही करावे लागले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात ओळखयंत्रे तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांनी परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांच्यापुढे ठेवले. निम्म्याहून अधिक निबंध यंत्राने लिहिलेले म्हणून ठरले! शब्दसंग्रह थोडा, वाक्ये साधी, एवढाच त्या मुलांचा अपराध.

म्हणजे ज्या मुलीने मराठी शाळेतून येऊन धडपडत इंग्रजी लिहिले, तिच्यावरच चोरीचा आळ यायचा. चोर सुटला तर एक अन्याय. पण निरपराध मुलाला सर्वांदेखत चोर म्हटले तर तो अन्याय त्याच्या जन्माला पुरतो. खोटे पकडण्याचे काम यंत्रावर सोपवून आपण मोकळे होऊ, ही कल्पनाच सोडून दिली पाहिजे.

मग उपाय काय? उपाय जुनाच आहे. आमच्या पाठशाळेत गुरुजी एक परीक्षा घेत, तिला शलाका परीक्षा म्हणत. पोथी समोर ठेवायची, तिच्या पानांत एक काडी खुपसायची; काडी ज्या पानावर थांबेल, त्या पानावरची पंक्ती विद्यार्थ्याने लावून दाखवायची. नवद्वीपच्या वासुदेव सार्वभौमांची मिथिलेस अशीच परीक्षा झाली, असे परंपरेने सांगतात. मी चौदा वर्षांचा असताना गुरुजींनी माझ्या तर्कसंग्रहात अशीच दर्भाची काडी घातली. पान निघाले हेत्वाभासांचे, जे मी नेमके टाळले होते. मला घाम फुटला. गुरुजी रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "पान तुझ्याकडं आहे, तू पानाकडं गेला नाहीस. उद्या ये."

कॉलेजात आज हेच करावे लागेल. निबंध घरी लिहू द्या, यंत्राची मदत घेतली असेल तर घेऊ द्या. पण मग विद्यार्थ्याला समोर बसवा, त्याच्याच निबंधात काडी घाला आणि विचारा, हे वाक्य का लिहिलेस? हा अभंग कोठे आहे? याच्या उलट कोणी म्हटले तर काय सांगशील? पाच-सात मिनिटांत कळते. कोणी म्हणेल, एकेका अध्यापकापुढे शंभर-शंभर मुले आहेत, त्याने हे कधी करायचे? ही अडचण खरी आहे. ती मी उडवून लावत नाही. पण मग अडचण यंत्राची नाही, आपल्या व्यवस्थेची आहे. वर्षानुवर्षे विद्यार्थ्याशी बोलण्यावाचून त्याला गुण देण्याची सवय आपण लावून घेतली होती. यंत्राने फक्त ते उघडे पाडले. यंत्र घ्यायला पैसा उभा राहतो, तर अध्यापकांच्या रिकाम्या जागा भरायलाही उभा राहिला पाहिजे.

आता मुलांसाठी दोन गोष्टी सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांची मुले, नातवंडे कॉलेजात आहेत. शास्त्रग्रंथात ग्रंथकार आपला सिद्धान्त एकदम मांडत नाही. आधी विरुद्ध बाजू पूर्ण ताकदीने उभी करतो, मग तिचे निरसन करतो. यंत्राला सिद्धान्ती करू नये, पूर्वपक्षी करावे. आधी आपले मत आपण लिहावे, ओबडधोबड का होईना. मग यंत्राला सांगावे, यातले दोष दाखव, यावर शंका घे. त्या शंकांना उत्तरे शोधण्यासाठी मूळ ग्रंथाकडे जावे. अशा वादात यंत्र चुकले तरी नुकसान नाही, कारण त्याची चूक शोधण्यानेही विद्याच वाढते. आणि दुसरे, जेथे मदत घेतली तेथे ती सांगावी. कीर्तनात आपण दुसऱ्याची ओवी घेतो तेव्हा त्यांचे नाव घेतो. त्यात कमीपणा नाही, तोच सभ्यपणा आहे. आईबापांनीही एक करावे. मुलाला किती गुण पडले हे विचारण्याआधी विचारावे, काय शिकलास, मला समजेल असे सांग. न शिकलेल्या बापानेही हे विचारावे. त्याला समजावून सांगता आले तर विषय मुलाला कळला.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येतो. तो खोटा अभंग त्या टाळकरीबाबांनाच का कळला? त्यांनी गाथा तपासला नव्हता. त्यांच्यापाशी सूची नव्हती. पन्नास वर्षे रोज संध्याकाळी देवळात भजनाला उभे राहून, वाटेने चालताना म्हणून, पेरणीत गुणगुणून तुकोबांचे बोलणे त्यांच्या अंगात मुरले होते. म्हणून "तुकोबा असं बोलत न्हाईत" हे त्यांना एका क्षणात कळले. ही ओळख विकत मिळत नाही आणि कोणाकडून लिहूनही घेता येत नाही. वैद्याला नाडीत, न्यायाधीशाला साक्षीत, इंजिनिअरला पुलाच्या आकड्यांत काहीतरी चुकते आहे हे जे कळते, तेही असेच वर्षानुवर्षांच्या कष्टांतून येते. कॉलेजचे खरे काम ही ओळख तयार करण्याचे आहे. निबंध हे त्याचे निमित्त.

म्हणून मला भय यंत्र चुकेल याचे नाही. भय याचे आहे की मधली एक पिढी कष्टावाचून उत्तरे घेत राहिली, तर यंत्र चुकले तेव्हा "असं नाही" म्हणणारा माणूसच उरणार नाही. खोटा अभंग गाथ्यात जाऊन बसेल, खोटा निवाडा कायद्यात, खोटा आकडा पुलाच्या नकाशात, आणि पुढे येणारे यंत्र तोच मजकूर खरा समजून शिकेल. तुमच्या-माझ्या माना डोलत राहतील.

नातवाचे काय झाले, असे कोणी विचारील. मी त्याला म्हटले, "मी गावापुढं उभा राहून सांगितलं. आता तू सरांपुढं उभा राहा." तो घाबरला. गुण जातील, नाव खराब होईल म्हणाला. मी म्हटले, "जातील. ते तुझे नव्हतेच." चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी गेला. सरांनी ऐकून घेतले, त्याला समोर बसवले, पंधरा मिनिटे प्रश्न विचारले आणि तो निबंध पुन्हा लिहून आणायला सांगितला. या वेळी त्याने दीड महिना गाथा वाचला. निबंध पहिल्याइतका गुळगुळीत झाला नाही. वीसपैकी अकरा गुण पडले. त्यात एक अभंग आहे, तो कितवा हे त्याला न पाहता सांगता येते.

गेल्या आषाढीच्या वाटेवर ते टाळकरीबाबा भेटले. नातू बरोबर होता. बाबांनी त्याला विचारले, "काय रं, त्यो यंत्राचा अभंग करनारा तूच का?" तो लाजला. बाबांनी त्याच्या हातात टाळ दिले आणि म्हणाले, "चल, म्हन." तो चुकत चुकत म्हणू लागला. जेथे चुकला तेथे बाबा थांबले, त्याला आठवू दिले, आणि मगच पुढे गेले.

रामकृष्ण हरि.